दार उघडं असायचं

मोहरीची उशी आत्यानं डोंबिवलीहून येताना केबिन बॅगेत आणली, मोठ्या बॅगेत चेपू नये म्हणून. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याची, हातशिलाईची, मधोमध बाळाच्या डोक्यापुरता खळगा. इंग्लंडमध्ये रेडिंगला घरी पोचल्यावर चहाच्याही आधी तिनं ती माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडे पहिलं बाळ येईल ना, त्याला. डोकं कसं गोल होतं बघ."

आतली मोहरी बोटांखाली सरसरत होती. ही उशी मी कुठल्याच बाळाला देऊ शकणार नव्हते, आणि ते तिला सांगायला मला बरेच दिवस लागले.

आत्यानं 1987 ते 2011 अशी चोवीस वर्षं डोंबिवलीत पाळणाघर चालवलं. माझी आई फोर्टला बँकेत होती. शाळा सुटली की मी आत्याकडे, ती थेट आईची लोकल येईपर्यंत. गेल्या वर्षी मी हिशेबाची नोकरी सोडून घरीच मुलं सांभाळायचं ठरवलं, ते त्या पाळणाघरात वाढले म्हणून. इंग्लंडमध्ये या कामाला चाइल्डमाइंडर म्हणतात. आठ वर्षांखालची मुलं पैसे घेऊन, दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ स्वतःच्या घरी सांभाळायची असतील तर ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय हे काम करणं हा इथं गुन्हा आहे. आत्या चार महिन्यांसाठी आली तेव्हा माझी घराची तयारी अर्ध्यावर होती, आणि त्या तयारीवरून आमचा वाद सुरू झाला. त्या वादातलं मला महत्त्वाचं वाटलं ते इथे लिहिते आहे.

पहिल्याच रात्री जेवताना तिनं विचारलं, "किती मुलं घेणार?"

"आठच्या आतली जास्तीत जास्त सहा. त्यातली पाचच्या आतली तीन. आणि त्या तिघांत वर्षाच्या आतलं एकच. भावंडं वगैरे असली तर थोडी सूट मिळते. पण आपला सात वर्षांचा आहे ना, तोही त्या सहांत मोजायचा."

"स्वतःचा मुलगासुद्धा?"

"हो. लक्ष त्यालाही लागतंच ना."

हे तिला पटलं. तीनचा आकडा मात्र पटेना. "माझ्याकडे अकरा असायची. दहा बाय बाराची बाहेरची खोली. झोळी दाराच्या कडीला, मोठी मुलं चटईवर, आणि मी मधोमध तांदूळ निवडत बसलेली."

मी हिशेब करून दाखवला. इथे दोन वर्षांखालच्या मुलाला साडेतीन चौरस मीटर जागा लागते, दोन वर्षांच्या मुलाला अडीच, त्यापुढच्याला 2.3. आत्याची खोली भरते अकरा चौरस मीटर. म्हणजे दोन वर्षांची चार मुलं मावली असती, आणि सांभाळणारी एकटी म्हणून त्यातलीही तीनच ठेवता आली असती.

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. "मग उरलेल्या आठांच्या आयांनी काय करायचं, ते तुझ्या कागदात लिहिलंय का? एक मंत्रालयात होती, एक टेलिफोन एक्स्चेंजला, दोघी बँकेत. एक शिवणाच्या कारखान्यात होती, तिला मी पैसे उशिरा दिलेस तरी चालेल म्हणायचे. त्या सगळ्या सव्वाआठची गाडी पकडायच्या. मी तीनच घेतली असती तर आठ जणी घरी बसल्या असत्या. तू म्हणतेस मुलं सुरक्षित राहतील. तीन राहतील. बाकीची आठ कुठं राहतील, कुणाच्या भरवशावर, ते कोण बघणार?"

याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, आजही नाही. इंग्लंडमध्येही हे दुखणं आहेच. 1990 च्या दशकात इथे नोंदणीकृत चाइल्डमाइंडर लाखाच्या घरात होते, आता ते तीस हजारांच्याही खाली आले आहेत. कागदपत्रं आणि तुटपुंजी मिळकत यांना कंटाळून पुष्कळ जणींनी हे काम सोडलं. आयांना जागा मिळत नाही आणि मिळालीच तर परवडत नाही. नियम कडक केले की मुलं आपोआप सुखरूप होतात असं म्हणणाऱ्याला आत्याचा हा प्रश्न ऐकवायला हवा.

पण मी तिला माझी बाजूही सांगितली. "आत्या, तुला अकरा जमली, कारण ती तू होतीस. शिवाय दुपारी समोरच्या काकू येऊन बसायच्या, मोठ्या मुली धाकट्यांना खेळवायच्या. मी इथे चार भिंतींत एकटी असणार. आग लागली तर दोन हातांत दोन, आणि तिसरं चालत. नियमात तीन का लिहिलेत ते मला जिन्यात उभं राहिल्यावर कळलं."

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर घर बघत फिरू लागली. पहिल्या दिवशी तिला हे सगळं खूळ वाटलं. घराचं हॉस्पिटल करून टाकलंस, म्हणाली. जिन्याला खाली-वर गेट, स्वयंपाकघरात भिंतीला अडकवलेलं फायर ब्लँकेट, वर-खाली स्मोक अलार्म, बॉयलरजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, पुस्तकांचं कपाट भिंतीला स्क्रूनं आवळलेलं, वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना चार बोटांपेक्षा जास्त उघडू न देणारी खीळ. "मुलाला चटका बसल्याशिवाय गरम म्हणजे काय ते कळत नाही," ती म्हणाली. हे वाक्य मी लहानपणी तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं.

"थोडा चटका मीही बसू देणारच आहे," मी म्हणाले. "बागेत चिखल खेळतील, झाडावर चढतील, गुडघे फोडून घेतील. सगळा धोका काढून टाका असं इथला नियम म्हणतच नाही. शक्य ती काळजी घ्या, एवढंच सांगतो. धोक्यांचा विचार करायचाच, पण त्यातलं कागदावर किती उतरवायचं ते माझं मी ठरवायचं. मात्र काही चटके असे असतात की शिकायला मूल शिल्लक राहत नाही."

हे बोलताना आमच्या हातात चहाचे कप होते. तिचा कप तिनं सवयीनं सोफ्याच्या हातावर ठेवला होता. चहा केल्यावर पंधरा मिनिटांनीही तो लहान मुलाची कातडी भाजू शकतो, हे मी फर्स्ट एडच्या कोर्समध्ये शिकले होते. बोलले काहीच नाही. तिनंच माझ्या नजरेचा माग घेतला आणि कप उचलून खिडकीच्या फळीवर ठेवला.

मग ती बाजारात जाऊन माझ्यासाठी भेट घेऊन आली, सॉकेटच्या भोकांत बसवायची पांढरी प्लास्टिकची झाकणं, बाराचं पाकीट. डोंबिवलीत ती सॉकेटवर चिकटपट्टी लावायची ते मला आठवत होतं. आणि ही झाकणं मी लावणार नाही हे मलाच तिला सांगावं लागलं. इथल्या तीन चौकोनी पायांच्या सॉकेटचं प्रमाण 1947 सालचं आहे आणि त्याच्या आतच झडपा असतात. प्लगचा वरचा लांब पाय आधी आत गेला तरच खालच्या दोन भोकांची झडप सरकते. मुलानं खालच्या भोकात पिन घातली तरी ती विजेपर्यंत पोचत नाही. वरून लावलेलं झाकण नीट मापाचं नसलं की आतले भाग बिघडतात. मूल ते उपटून उलटं खुपसायला लागलं तर बंद असलेली झडपच उघडू शकते. 2016 साली इथल्या आरोग्य खात्यानं दवाखान्यांना आणि वृद्धाश्रमांना ही झाकणं वापरू नका असं कळवलं होतं.

"म्हणजे मी करत होते ते चूक होतं?" तिनं विचारलं.

"नाही. तुझ्या सॉकेटला झडपा नव्हत्या. तिथे चिकटपट्टी बरोबरच होती. जागा बदलली की काळजीही बदलते."

यानंतर ती घराकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. एका दुपारी मी वरून खाली आले तर आत्या देव्हाऱ्यासमोर पाटावर बसलेली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी खाली बसतच नाही. मला म्हणाली, "ये, इथं बस. इथून बघ."

मी शेजारी फरशीवर बसले. आमचा देव्हारा तेव्हा कपाटाच्या खालच्या खणात होता. उभं राहून रोज दिवा लावताना मला देव दिसायचे. खाली बसल्यावर दिसली ती खणाच्या कडेला, बरोब्बर माझ्या नाकासमोर आलेली वाटी. एका वाटीत खडीसाखर, शेजारच्या उघड्या डबीत कापराच्या वड्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्याच आकाराच्या. दीड वर्षाच्या मुलाला आपण रोज प्रसाद म्हणून यातली एक देतो. त्यानं दुसरी उचलली तर? कापूर पोटात गेला की लहान मुलाला झटके येतात, अगदी थोडा गेला तरी. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं आणि आम्हा दोघींच्याही देव्हाऱ्यात वर्षानुवर्षं ती डबी तिथेच होती.

"हे कुठल्या यादीत आहे?" आत्यानं विचारलं.

कुठल्याच नव्हतं. माझ्याकडे कौन्सिलची, कोर्सची, ऑफस्टेडची पत्रकं होती. त्यांत जिना होता, तळं होतं, खिडकीच्या पडद्याची गळ्यात अडकणारी दोरी होती. देव्हारा नव्हता, सुपारी नव्हती, अक्षता नव्हत्या. इन्स्पेक्टर कितीही चांगली असली तरी आपल्या घरातला धोका आपल्यालाच ओळखावा लागतो, हे मला आत्यानं दाखवलं. देव्हारा आता माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे आणि कापूर फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत.

निरांजनाचं काय करायचं यावर तिनं सुचवलं, "दुकानात ते बॅटरीवरचे दिवे मिळतात ना, ज्योतीसारखे हलणारे. ते ठेव." मी दिवाळीला आणलेला असा एक दिवा उलटा करून तिला दाखवला. खालची पट्टी नखानं निघाली आणि नाण्याएवढी चपटी बॅटरी तळहातावर पडली. ही गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतलं मांस जाळायला लागते. ज्योत निदान दिसते, तिच्यापासून मूल सरकतं. मी खरं निरांजनच ठेवलं, पण मुलं यायच्या आधी सकाळी आणि गेल्यावर संध्याकाळी लावायचं ठरवलं. रिमोट, किचनचा वजनकाटा, गाडीची चावी, सगळ्यांची झाकणं तपासली. आत्यानं स्वतःची पर्स आणली आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची सात वारांची डबी काढून माझ्या हातात दिली. "ही पर्स मी कायम सोफ्याखाली ठेवते," म्हणाली. "ही पण वर ठेव."

स्वयंपाकघरात मात्र ती पुन्हा बिथरली. अॅलर्जीच्या चौदा पदार्थांची यादी मी फ्रिजवर लावली होती. ती तिनं चष्मा लावून वाचली. गहू, दूध, अंडी, मासे, सोया इथपर्यंत ठीक. मग शेंगदाणे. मग तीळ. मग मोहरी. "मोहरी? अगं, फोडणी कशाची देणार मग?" कोशिंबिरीत कूट, भाकरीवर तीळ, आमटीत मोहरी. आपला मिसळणाचा डबा म्हणजे निम्मी यादी. मी तिला सांगितलं की यांना बंदी नाही. कुठल्या मुलाला काय चालत नाही ते त्याच्या आईबापांकडून आधी लिहून घ्यायचं आणि रोजच्या जेवणात काय होतं ते त्यांना सांगायचं. ती म्हणाली, तोंडी सांगितलं की पुरे. मी म्हणाले, तोंडी सांगितलेलं मुलाला घ्यायला येणाऱ्या आजोबांपर्यंत पोचत नाही. हा वाद संपला नाही. पण दुसऱ्या दिवशी मऊ भात, साधं वरण, तूप, भोपळ्याची बिनमोहरीची भाजी असा आठवड्याचा तक्ता तिनंच मराठीत लिहून दिला आणि प्रत्येक पदार्थापुढे कंसात 'कूट नाही' असं घातलं.

एक नियम तिला फार आवडला. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत त्यांना खेळताना, शिकताना त्यांची भाषा वापरायची संधी मिळावी यासाठी सांभाळणाऱ्यानं प्रयत्न करावेत, असं इथल्या चौकटीत लिहिलं आहे. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे इथल्या मराठी मुलांशी मराठीत बोल, असं तुला सरकारनं सांगितलंय?" आमच्या रेडिंगमध्ये मराठी कुटुंबं बरीच आहेत. तिनं त्याच संध्याकाळी अडगुलं-मडगुलं म्हणायला सुरुवात केली, समोर मूल नसताना.

उशीचं मी याच सुमाराला सांगितलं. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशी नाही, जाड दुलई नाही, खोली 16 ते 20 अंश. 1991 साली या देशात बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम झाली आणि पाळण्यात झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून कितीतरी खाली आली. तिनं ऐकून घेतलं. "तू मोहरीच्या उशीवरच झोपलीस," एवढंच म्हणाली. मी म्हणाले, "झोपले. आणि मला ती हवी आहे. माझ्यासाठी." उशी आता माझ्या बिछान्यात आहे. पण तिला लागलं, ते मला दिसलं. एका पिढीची माया दुसऱ्या पिढीच्या यादीत 'ठेवू नये' या सदरात जाते, तेव्हा नियम बरोबर असला तरी दुखतंच.

खरा खटका उडाला तो चौकशीवरून. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. माझी तर होतेच, नवऱ्याचीही. डॉक्टरकडून माझ्या तब्येतीची माहिती. सार्वजनिक दायित्वाचा विमा. बारा तासांचा मुलांच्या प्रथमोपचाराचा कोर्स, दर तीन वर्षांनी पुन्हा. आत्याला बाकीचं चाललं, पोलिसांची तपासणी चालेना.

"उद्या मी इथं कायमची राहायला आले तर माझीही करणार? चोवीस वर्षं लोकांनी पोटची मुलं माझ्या मांडीवर टाकली. कुणी विचारलं नाही कुठल्या गावची, कोण. तोंड बघून टाकली. हे कागद म्हणजे सरळ सरळ संशय आहे."

मी तिला कॅव्हरशमला नदीवर घेऊन गेले. घरापासून बसनं वीस मिनिटं. थेम्स तिथे शांत वाहते, लोक बदकांना दाणे टाकतात. 1896 च्या मार्चमध्ये याच पाण्यात एका बोटवाल्याला कागदात गुंडाळलेलं बाळ सापडलं होतं. माग लागला तो अमेलिया डायर नावाच्या बाईपर्यंत. ती वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायची की बाळाला मायेनं सांभाळू, चांगलं घर देऊ. ज्यांना बाळ जवळ ठेवणं शक्य नव्हतं अशा बायका तिच्या हाती बाळ आणि पैसे द्यायच्या. त्याच जूनमध्ये तिला फाशी झाली. तिनं किती बाळं मारली त्याचा नक्की आकडा कुणालाच लागला नाही. "आत्या, तिचंही तोंड बघूनच टाकली होती. ती वयस्कर, मायाळू दिसायची. संशय तुझ्यावर नाहीच. चेहरा बघून ओळखता येत नाही, एवढंच हे कागद म्हणतात."

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा कायदा नव्हता?"

"होता. 1872 पासून. दुसऱ्याची बाळं सांभाळणाऱ्यांनी नोंदणी करायची, असा."

"मग? चोवीस वर्षं कायदा होताच की."

तिनं माझा दाखला माझ्यावरच उलटवला आणि बरोबर उलटवला. कायदा होता, पण ती बाई घरं बदलत राहिली, नावं बदलत राहिली. पुढच्याच वर्षी कायदा आणखी कडक झाला, 1948 साली दिवसा मुलं सांभाळणाऱ्यांसाठी वेगळा आला, 2001 पासून हे काम ऑफस्टेडकडे आहे. पण आत्याचा मुद्दा सालांचा नव्हताच.

बाकावर बसून ती म्हणाली, "माझं दार उघडं असायचं. सकाळी सातपासून संध्याकाळी आठपर्यंत. समोरच्या काकू भाजी निवडायला येऊन बसायच्या. खालचा वाणी वर सामान द्यायला यायचा. कुणाची आजी अवेळी येऊन बघून जायची. मूल दोन मिनिटं जास्त रडलं की तिसऱ्या मजल्यावरून हाक यायची, काय झालं गं? मी कोसबाडला गेले होते एकदा, अनुताई वाघांच्या संस्थेत. ताराबाई मोडकांनी आणि त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली म्हणून अंगणवाडी. अंगण म्हणजे काय? जिथं सगळ्यांची नजर असते ती जागा. माझा इन्स्पेक्टर काही वर्षांतून एकदा येत नव्हता, दिवसातून सहादा यायचा."

मला वाटतं आमच्या सगळ्या वादाचा गाभा इथे होता. माझ्या रेडिंगच्या घराला दार आहे आणि ते कायम बंद असतं. थंडीमुळे, चालीरीतीमुळे. शेजारी भला माणूस आहे, पण मूल तासभर रडलं तरी तो दार वाजवणार नाही, कारण इथे ते आगाऊपणाचं होईल. बंद दाराआड मूल असेल तर समोरच्या काकूंचं काम कुणीतरी करायला हवं. तपासणी, नोंदवही, न सांगता येऊ शकणारी इन्स्पेक्टर, तक्रारीचा नंबर, हे सगळं त्या काकूंच्या जागी आहे. मायेची जागा ते घेत नाही.

आणि डोंबिवलीचीही दारं आता बंद आहेत. ते आत्यालाच माहीत होतं. 2016 साली खारघरच्या एका पाळणाघरातल्या कॅमेऱ्यात बाळाला मारहाण होताना दिसली तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. "तिथं दार उघडं असतं तर," ती नदीकाठी म्हणाली, आणि पुढे बोलली नाही.

परतताना बसमध्ये तिनं 26 जुलैची गोष्ट काढली. 2005 च्या महापुराचा तो मंगळवार. दुपारनंतर लोकल बंद, वीज गेली, फोन लागेनात. नऊ मुलं तिच्याकडे आणि नऊ आया दादर, ठाणे, सीएसटीला अडकलेल्या. सगळ्यांत धाकटं आठ महिन्यांचं. शेजाऱ्यांनी दूध आणलं, कुणी मेणबत्त्या, कुणी कोरडी दुपटी. दोन रात्री मुलं तिच्याकडेच. "तुझ्या नियमात रात्री मुलं ठेवायची परवानगी आहे?" तिनं विचारलं. ती वेगळी मागावी लागते. "बघ. नऊ मुलांना मी म्हणणार होते का, परवानगी नाही, बाहेर व्हा?"

मी म्हणाले, "तशा वेळी इथेही कुणी बाहेर काढणार नाही. पण एक सांग, आयांना निरोप कसे दिलेस?"

"कालनिर्णयच्या मागे सगळ्यांचे नंबर होते. ऑफिसचे, शेजाऱ्यांचे, माहेरचे. फोन सुरू झाले तसे लावत गेले. कोण किती वाजता आलं, काय खाल्लं, कुणाला ताप, सगळं मी त्या चौकोनांतच लिहायचे. दुधाच्या हिशेबाशेजारी."

"म्हणजे आत्या, तुझ्याकडे हजेरीपट होता. तातडीच्या संपर्कांची यादी होती. आजारपणाची नोंद होती."

ती गप्प झाली. पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं, आणि ते का नव्हतं ते मला त्या संध्याकाळी कळलं.

जेवणं झाल्यावर मी टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढून बसले होते. मुलाला काही लागलं, काही झालं, तर त्याची लेखी नोंद करायची आणि त्याच दिवशी किंवा जमेल तितक्या लवकर आईबापांना सांगायचं, प्रथमोपचार काय केला तेही सांगायचं. आत्या शेजारी येऊन बसली. इथे नियम आहे की मुलं खात असताना ती नजरेसमोर आणि ऐकू येतील अशीच हवीत, हे मी तिला सांगत होते. द्राक्षं उभी चिरायची. पाच वर्षांखाली अख्खा दाणा द्यायचा नाही.

"शेंगदाणा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. 1998 चा मार्च, होळीच्या आसपास. एक मुलगी, एक वर्ष आठ महिन्यांची. मोठ्या मुलांनी भाजलेले दाणे खाली सांडले होते. आत्या आत भाताला आधण ठेवत होती. बाहेर आली तेव्हा मुलगी खोकतही नव्हती, नुसतं तोंड उघडं आणि ओठ निळसर. तिला मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे हाताच्या तळव्यानं मारलं. चौथ्या का पाचव्या तडाख्याला दाणा पडला. अर्धा.

"तू अगदी बरोबर केलंस," मी म्हणाले. कोर्समध्ये बाहुलीवर मला हेच शिकवलं होतं, पाच तडाखे, मग पोटावर दाब.

"हो. पण अर्धाच पडला." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "संध्याकाळी आई आली. मी म्हटलं, जरा खोकतेय, वारं लागलं असेल. नवीनच ठेवली होती ती मुलगी. वाटलं, उद्या आणणार नाही. बाकीच्या पण काढतील. मी रात्रभर जागी होते. सकाळी ती मुलगी हसत आली तेव्हा मी आत जाऊन रडले. उरलेला अर्धा कुठं गेला, गिळला का छातीत राहिला, मला माहीत नव्हतं. तिच्या आईला माहीत असतं तर तिनं डॉक्टरला दाखवलं असतं. रात्री खोकली असती तर तिला कळलं तरी असतं कशानं. समोरच्या काकू त्या दिवशी गावाला गेल्या होत्या." थोडं थांबून ती म्हणाली, "कुणी बघितलं नाही म्हणून मला सांगावं लागलं नाही."

मी काही बोलले नाही. तिनं गठ्ठ्यातला वरचा फॉर्म ओढून घेतला आणि पेन मागितलं. मुलीचं नाव तिला पूर्ण आठवत होतं. वय लिहिलं. तारीख लिहिली, कारण त्या चौकोनात तिनं तेव्हा नुसती एक फुली मारून ठेवली होती आणि ते कालनिर्णय अजून तिच्या कपाटात आहे. काय घडलं, ते चार ओळींत. काय उपचार केला, ते दोन ओळींत, नीट, रेघ न सोडता. शेवटचा रकाना होता, पालकांना केव्हा सांगितलं.

पेन तिथे थांबलं.

"तिची आई अजून आमच्याच गल्लीत राहते," आत्या म्हणाली. "मुलीचं गेल्या वर्षी लग्न झालं. मला पत्रिका होती." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "डोंबिवलीत किती वाजले असतील आता?"

इथे सहा वाजून गेले होते, उन्हाळ्याचा उजेड अजून लख्ख होता. "पावणेअकरा."

"जागी असते ती," आत्या म्हणाली, आणि फोनसाठी हात पुढे केला.